मागच्या सीटवर तिघं

नवी गाडी घ्यायची हे घरातल्या तिघांनाही मान्य होतं. कोणती घ्यायची, इथे मात्र घोडं अडलं होतं.

घर टेकडीच्या अंगावर होतं. खालून वर येणारा रस्ता निम्म्यापर्यंत डांबरी, पुढे नुसती खडी आणि माती. पाऊस झाला की त्यांची जुनी छोटी गाडी शेवटच्या वळणावर जागच्या जागी चाकं फिरवत बसायची आणि मग नवरा-बायको उतरून तिला मागून ढकलायचे. नवऱ्याच्या आई आत बसून सूचना द्यायच्या. एकदा तर गाडी सगळी मंडळी आत असतानाच मागे घसरत गेली आणि गटारात चाक घालून थांबली. त्या दिवशी ठरलं, की आता घ्यायची ती चारही चाकांना ताकद देणारीच.

नवरा मोजणीदार होता. लोकांच्या जमिनी मोजायच्या, हद्दीचे दगड कुठे रोवायचे ते सांगायचं आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खायच्या, हे त्याचं काम. बायको खाली बाजारपेठेतल्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. शेजारपाजारचे तिला दातवाली म्हणत आणि तिलाही त्यात काही वावगं वाटत नसे. आई त्यांच्याजवळच राहायच्या. मूल नव्हतं. बरीच वर्षं दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवून झाल्या, मग दत्तक घ्यायचं ठरलं. त्याचेही सगळे सोपस्कार उरकले. संस्थेच्या बाई घर पाहून गेल्या, आईंशी गप्पा मारून गेल्या, आणि आता फक्त त्यांच्या फोनची वाट बघायची होती. त्या फोनबद्दल बोलायला लागलं की दोघंही विषय बदलायचे. गाडीबद्दल मात्र कितीही वेळ भांडता यायचं, म्हणून ते गाडीबद्दल भांडत.

मोजणीदाराला कॉम्पॅक्ट एसयूव्ही हवी होती. आखूड, उंच, कुठेही वळणारी. "चार मोठी माणसं आरामात बसतात. आपण तिघं आणि एक मूल. हिशेब संपला," तो म्हणायचा.

दातवालीला वॅगन आवडली होती. तिलाही चारही चाकांची ताकद होती, पोटाखाली दगडधोंडे लागणार नाहीत इतकी उंचीही होती, पण गाडी लांबलचक, आणि मागे डिकीत एखादी खाट मावेल एवढी जागा. "वळणावर ती झुलत नाही," दातवालीचं म्हणणं. "तुझी ती उंच गाडी वळली की मला वाटतं आपण शिडीवर बसलोय."

"ती लांबडी गाडी आपल्या फाटकातून आत कशी घेणार?"

"तू मोजणीदार आहेस ना, तू सांग."

आईंचं मत सरळ होतं. त्यांचे गुडघे दुखायचे. शोरूममध्ये त्या एसयूव्हीत बसल्या तेव्हा खुर्चीत बसावं तशा बसल्या, आणि वॅगनमध्ये बसल्या तेव्हा म्हणाल्या, "ही गाडी आहे की बसायचा पाट? मला इथून उठवायला क्रेन मागवा." शोरूममधली मुलगी तोंडावर हात धरून हसली. दोन विरुद्ध एक असा निकाल लागला. शनिवारी जाऊन एसयूव्ही बुक करायची, असं ठरलं.

गुरुवारी दुपारी फोन आला.

दातवाली तेव्हा एका म्हातारबुवांच्या कवळीचे पुढचे दात मेणात बसवत होती. हात मेणाने माखलेले, म्हणून तिने फोन खांद्यात धरला. संस्थेच्या बाईंनी आधी तब्येत विचारली, मग जरा थांबल्या. एक मुलगी आहे, म्हणाल्या. सात वर्षांची. हुशार आहे, कमी बोलते. पण ती एकटी नाही. तिला दोन धाकटे भाऊ आहेत, एक पाच वर्षांचा आणि एक नुकता नीट चालायला लागलेला. तिघांना वेगळं करायचं नाही असं आमच्याकडे ठरलंय. तुम्ही एकच मूल म्हणाला होता, मला माहीत आहे. नाही म्हणालात तर कोणी तुम्हाला दोष देणार नाही. पण विचारल्याशिवाय मला राहवेना.

दातवालीने विचार करून सांगते म्हटलं आणि फोन ठेवला. मग कवळी तिने पुन्हा हातात घेतली. पुढचा एक दात वाकडा बसला होता. तो तिने काढला, पुन्हा बसवला, आणि तो पुन्हा वाकडाच बसला. शेवटी मालकाला सांगून ती लवकर घरी निघाली.

संध्याकाळी तिने स्वयंपाकघरात दोघांना सांगितलं. आईंच्या हातातलं भांडं हातातच राहिलं.

"तीन?" त्या म्हणाल्या. "एकदम?"

"एकदम."

मोजणीदार जेवायला बसला. नंतर भांडी पुसता पुसता एवढंच म्हणाला, "आपण एक म्हणालो होतो."

"हो."

"खोलीही एकच रिकामी आहे."

"खोली मोठी आहे."

त्यावर तो पुसलेलंच भांडं पुन्हा पुसायला लागला. दातवाली त्याला ओळखून होती. त्याला नाही म्हणायचं असतं तर त्याने लगेच म्हटलं असतं. त्याला हो म्हणता येत नव्हतं, आणि त्या दोन्हींच्या मधल्या जागेत तो एकटाच येरझाऱ्या घालत होता. तिने त्याला हटकलं नाही. शुक्रवारी ती कामावरून येताना बालवाडीच्या बाईंकडे गेली आणि काही न सांगता, नुसती विनंती करून, मुलांना गाडीत बसवायच्या तीन सीट उसन्या घेऊन आली.

शनिवारी सकाळी मोजणीदाराने जुन्या गाडीची डिकी उघडली आणि आतलं सामान बघून उभाच राहिला.

"हे कशाला?"

"बघू तरी बसतात का."

"अजून आपण काही ठरवलेलं नाही."

"म्हणूनच बघू म्हणतेय."

शोरूममधल्या मुलीने बुकिंगची तयारी करून ठेवली होती. एका ग्राहकाच्या हातात तीन सीट बघून तिने काही विचारलं नाही. नुसती पुढे होऊन एसयूव्हीचं मागचं दार उघडलं आणि स्वतःच एक सीट उचलून आत ठेवली. दोन बाजूंना दोन सीट छान बसल्या. तिसरी मध्ये बसवायला गेले तर ती तिरकी उभी राहिली. मोजणीदाराने खिशातून टेप काढला, मागच्या सीटची रुंदी मोजली, उसन्या सीटची रुंदी मोजली, कोट काढून ठेवला आणि तिसरी सीट खांद्याने रेटली. ती कशीबशी आत गेली, पण मग पट्ट्याचं कुलूप तिच्याखाली दबून गेलं. पट्टा लावायला बोटं आत जाईनात. त्याने सीटचा क्रम बदलून पाहिला. मोठी मध्ये, लहान मध्ये, एक उलट्या तोंडाची. घाम आला त्याला.

"दोन बसतात," तो म्हणाला.

दातवालीने मान हलवली. दोन बसतात हे तिलाही दिसत होतं.

"वॅगनमध्ये बघायचं?" शोरूमच्या मुलीने हळूच विचारलं.

वॅगनची मागची सीट थोडी रुंद होती आणि मधला भाग सपाट होता. तिथेही तिसरी सीट लोण्यासारखी सरकली असं नाही, पण दोघांनी दोन्हीकडून दाबल्यावर बसली, आणि तिन्ही पट्टे टक टक टक असे लागले. उघड्या दारातून तीन रिकाम्या सीट ओळीने दिसत होत्या. त्यांतल्या एकीवर कुठल्याशा मुलाने चिकटवलेलं बदक होतं. आई काठी टेकत पुढे आल्या, वाकून आत बघितलं आणि मागे सरकल्या.

"बदक कोणाचं?" त्यांनी विचारलं.

"बालवाडीचं."

"हं," आई म्हणाल्या.

शोरूमच्या मुलीने वॅगन टेकडीवर नेऊन बघायची परवानगी काढली. मोजणीदार चालवत होता. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता, आणि जिथे जुनी गाडी हमखास रुसायची तिथे ही जरासुद्धा न कुरकुरता वर चढली. चाकांखालची माती धरून धरून, सावकाश. मोजणीदाराच्या चेहऱ्यावर तेवढ्यापुरतं कौतुक उमटलं. मग ते घराच्या फाटकापाशी आले. तिथे वळण अरुंद होतं आणि एका बाजूला दगडी कठडा. पहिल्यांदा वळवताना गाडीचं नाक कठड्याला टेकेल असं वाटलं, म्हणून त्याने मागे घेतली. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. चौथ्यांदाही ती आत गेली नाही. उतारावर गाडी आडवी अडकली आणि शोरूमची मुलगी मागच्या सीटवर श्वास रोखून बसली.

"बघ," मोजणीदार म्हणाला. "आतच येत नाही ही."

तो बोलला ते खरंच होतं. पण त्याच्या आवाजात कुठेतरी सुटका झाल्याची भावना होती, ती दातवालीने ऐकली. तिने ऐकली हे त्यालाही कळलं. परत जाताना गाडीत फक्त शोरूमची मुलगी बोलत होती, टायरबद्दल.

दुपारी दोघंच अंगणात बसले असताना दातवालीने विषय काढला.

"तुला गाडी नकोय की मुलं नकोत, एवढंच सांग. मी रागावणार नाही."

तो एकुलता होता. वडील लवकर गेले होते, घरात तो आणि आई, आणि दोघांनाही गप्प बसायची सवय. "एका मुलाचं मी मनात बरंच काही ठरवून ठेवलं होतं," तो म्हणाला. "त्याच्याशी काय बोलायचं, त्याला कामावर बरोबर कसं न्यायचं. एकाशी जमेल असं वाटायचं. तिघं एकमेकांना आधीपासून ओळखतात. त्यांचं त्यांचं एक घर आहे. आपण तिथे परके. ती तिघं एका बाजूला बसून माझ्याकडे बघत राहतील आणि मला एक शब्द सुचणार नाही."

दातवालीला हसूही आलं आणि भडभडूनही आलं. "मला सुचतील असं वाटतं तुला?"

"तुला काहीतरी सुचतं नेहमी."

"मला दिवसभर तोंडाशिवायचे दात सांभाळायची सवय आहे. बोलणारी तोंडं मलाही नवीनच." मग ती गंभीर झाली. "मलाही भीती वाटते. काल झोप नाही आली. पण एक गोष्ट मला सारखी दिसते. ती सात वर्षांची मुलगी. तिला उद्या कोणीतरी सांगणार, की एक घर होतं पण ते नाही म्हणाले. का, विचारलं तर काय सांगायचं? गाडी वळत नव्हती?"

तो उठून फाटकापाशी गेला आणि कठड्याकडे बघत उभा राहिला. तो कठडा त्याने स्वतः बांधला होता, लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, सुट्टीच्या दिवशी एकेक दगड लावून. कामावरून आल्यावर त्याच्यावर टेकून खालचे दिवे बघत उभं राहायची त्याला सवय होती.

आई दारातून बघत होत्या. त्यांनी दोघांचं बोलणं ऐकलं होतं की नाही, याबद्दल त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. फक्त म्हणाल्या, "तू झालास तेव्हा मलाही काही सुचलं नव्हतं. महिनाभर मी तुला नुसती बातम्या वाचून दाखवायचे. रडायचं थांबायचास."

रविवारी सकाळी दातवालीला ठोकण्याच्या आवाजाने जाग आली. आधी तिला वाटलं शेजारी काही काम काढलंय. मग तिने खिडकीतून बघितलं. मोजणीदार बनियनवर होता, हातात पहार, आणि कठड्याचं टोक निम्मं खाली आलं होतं. सुटलेले दगड त्याने एका बाजूला नीट रचून ठेवले होते. जमिनीवर चुन्याची एक रेघ मारली होती, शेतांच्या हद्दीवर मारतो तशी, तेवढीच सरळ.

ती स्लिपर घालून बाहेर गेली.

"काय चाललंय?"

"इथपर्यंत पाडलं की वळते," तो म्हणाला. "काल मापं घेतली होती."

"आणि?"

त्याने पहार भिंतीला टेकवली. हातावरची धूळ पँटला पुसली. तो तिच्याकडे न बघता रेघेकडे बघत होता. "फोन तू कर," तो म्हणाला. "मला बोलायला जमणार नाही."

तिने फोन केला नाही, निदान लगेच नाही. तिने दुसरी पहार शोधली. ती नव्हती, म्हणून खुरपं घेतलं आणि दगडांमधली माती उकरायला लागली. थोड्या वेळाने आई चहा घेऊन बाहेर आल्या, दोघांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तो पाटच येणार वाटतं घरात. बसायचं म्हटलं की बसता येतं, काही होत नाही." आणि त्या जपून एका दगडावर बसल्याही, उठायला दोघांचे हात लागले ती गोष्ट वेगळी.

पुढे सगळं एकदम झालं नाही. आधी भेटी झाल्या, संस्थेच्या खोलीत, बाईंच्या देखत. पहिल्या भेटीत मोजणीदाराला वाटलं होतं तसंच झालं. तिघं एका बाकावर ओळीने बसली आणि त्याच्याकडे बघत राहिली. थोरलीचा एक हात मधल्याच्या कॉलरवर आणि दुसरा धाकट्याच्या पोटावर. दातवाली खेळण्यांबद्दल काहीतरी बोलून बघत होती. मोजणीदाराला खरंच एक शब्द सुचला नाही. शेवटी त्याने खिशातून टेप काढला आणि खोलीची लांबी मोजायला लागला, नुसतं हाताला काम हवं म्हणून. मधला बाकावरून घसरला, टेपचं दुसरं टोक उचललं आणि भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. मग त्यांनी दार मोजलं, टेबल मोजलं, धाकट्याला मोजलं. थोरली बाकावरून उठली नाही, पण निघताना तिने विचारलं, "मी किती आहे?" त्याने मोजून सांगितलं. तिने ते मनातल्या मनात दोनदा म्हटलेलं त्याला दिसलं.

वॅगन आली, करड्या रंगाची. तिन्ही सीट नव्या घेतल्या. आणि एका सकाळी नवरा-बायको तिघांना आणायला गेले. आई घरीच थांबल्या, कारण गाडीत आता जागाच नव्हती.

बसायच्या क्रमावरून थोडं अडलं. धाकट्याची सीट मध्ये ठेवली होती, तर थोरली दाराशी उभी राहून आत जाईना. तिला मध्ये बसायचं होतं, दोघांच्या मध्ये. मोजणीदाराने सगळ्या सीट सोडवल्या, क्रम बदलला, पुन्हा दाबून बसवल्या. ती सगळा वेळ शेजारी उभी राहून बघत होती. मग चढली, दोन्हीकडचे पट्टे स्वतः ओढून बघितले आणि मगच मागे टेकली.

डांबरी रस्ता होता तोवर सगळं ठीक होतं. खडीचा रस्ता सुरू झाला आणि वळणं आली तशी मधल्याचा चेहरा पांढरा पडत गेला. थोरली म्हणाली, "त्याला होतंय." मोजणीदार गाडी कडेला घेतो न घेतो तोच मधल्याने सकाळपासून खाल्लेलं सगळं बाहेर काढलं. स्वतःवर, सीटवर, बहिणीच्या बाहीवर.

गाडी थांबली. दातवालीने मागचं दार उघडलं, मधल्याला बाहेर घेतलं, त्याचं तोंड पुसलं. धाकट्याने भोकाड पसरलं. थोरलीने स्वतःचा पट्टा सोडला, आपल्या फ्रॉकचं टोक धरलं आणि नवी सीट घाईघाईने पुसायला लागली. कोपरे, शिवणी, पट्ट्याचं कुलूप.

"राहू दे गं," मोजणीदार म्हणाला. "मी करतो."

"होईल साफ," ती म्हणाली. "पुन्हा नाही करणार तो. त्याला पुढे बसवलं तर होत नाही."

ती कशाला घाबरलीये हे त्याच्या लक्षात आलं. तो मागच्या दारापाशी चिखलात उकिडवा बसला, म्हणजे त्याचं तोंड तिच्या तोंडासमोर आलं.

"तो पुन्हा करणार," तो म्हणाला. "हा रस्ता असाच आहे. मीसुद्धा लहानपणी बसमध्ये दर वेळी करायचो. माझ्या आईला विचार. आपण गाडीत एक बादली ठेवू."

तिने पुसणं थांबवलं नाही, पण हात जरा सावकाश झाले. "आणि वास?"

"वास येणार. थोडे दिवस."

त्याने डिकीतून दोन जुनी फडकी आणि पाण्याची बाटली काढली. एक फडकं तिला दिलं, एक स्वतः घेतलं. दोघांनी मिळून सीट पुसली. ती आपली बाजू त्याच्यापेक्षा जास्त नीट पुसत होती, आणि त्याच्याकडून राहिलेला एक कोपरा तिने बोटाने दाखवला. त्याने तो पुसला.

घरी पोचल्यावर आईंनी तिघांना आत नेलं, एकेकाचं तोंड धुतलं आणि ताटं वाढली. मोजणीदाराने गाडीची चारही दारं आणि डिकी उघडी ठेवली, आतली ओल जावी म्हणून. ऊन कलायला लागलं होतं. तो पायरीवर बसला होता, तेवढ्यात थोरली बाहेर आली. आईंचा स्वेटर तिच्या गुडघ्यांपर्यंत आला होता.

"पाऊस आला तर?" तिने विचारलं.

"वाटत नाही येईल असं."

ती गाडीभोवती एक फेरी मारून आली. मग पुढच्या दाराशी थांबली. "इथे बसू का? जरा वेळ?"

"बस ना."

ती ड्रायव्हरच्या सीटवर चढली. तिचे पाय खाली पोचत नव्हते. तो दुसऱ्या बाजूने येऊन शेजारी बसला. तिने एका बटणावर बोट ठेवलं, दाबलं नाही, आणि त्याच्याकडे बघितलं.

"हे काय?"

"काच पुसायचं."

"आणि हे?"

"तिन्ही सीटचे पट्टे लागलेत की नाही ते सांगणारा दिवा. एखादा राहिला की गाडी ओरडते."

"निघेपर्यंत?"

"निघाल्यावरसुद्धा. लावेपर्यंत थांबत नाही."

तिला ते पटल्यासारखं दिसलं. आतून मधल्याच्या हसण्याचा आवाज आला, आईंनी काहीतरी सांगितलं असावं. थोरलीने एकदा मान वळवून घराकडे बघितलं. पण ती उठली नाही. तिने पुढच्या बटणावर बोट ठेवलं.

"आणि हे?" तिने विचारलं.